गांजाविषयी विद्यार्थ्यांना खरे सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांतील व्यसनमुक्तीच्या व्याख्यानांना मी अध्यापक या नात्याने बऱ्याचदा मागच्या रांगेत बसते. ‘एक झुरका आणि आयुष्याची राखरांगोळी’ असे व्यासपीठावरून ठणकावले गेले की मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकते, कारण तिथल्या काहींनी तो झुरका केव्हाच ओढलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी ते तासालाही बसलेले असतात. पहिलेच विधान त्यांच्या अनुभवाने खोटे ठरल्यावर वक्त्याची पुढची खरी विधानेही कोणी मनावर घेत नाही. माझी तक्रार या अतिशयोक्तीबद्दल आहे. गांजा निरुपद्रवी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही.

हेरॉइनच्या अतिसेवनाने श्वास थांबून मृत्यू येतो, तसा तो गांजाने सहसा येत नाही, कारण मेंदूच्या ज्या भागातून श्वसनाचे नियंत्रण होते तिथे गांजातील टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाला प्रतिसाद देणारे पेशींवरील ग्राहक (रिसेप्टर) विरळ असतात. मुलांना हे ठाऊक असते. त्यांना कोणी सांगत नाही ते असे की, हेच ग्राहक जिथे दाट आहेत ते भाग विद्यार्थ्याच्या रोजच्या कामाचे आहेत. नवी माहिती स्मरणात रुजवणारा हिप्पोकॅम्पस हा त्यांपैकी एक. नियोजन आणि संयम सांभाळणारा कपाळामागचा भाग हा दुसरा, आणि त्याची जडणघडण तर साधारण पंचविशीपर्यंत चालूच असते. (‘पण ती नैसर्गिक वनस्पती आहे’ हा युक्तिवाद मला दरवर्षी ऐकावा लागतो. धोत्राही नैसर्गिकच आहे.)

अभ्यासावरील परिणामाचा एक बोलका दाखला नेदरलँड्समधील मास्ट्रिख्त शहराचा आहे. २०११ मध्ये तेथील गांजा विकणाऱ्या कॅफेंमध्ये बहुतेक परदेशी नागरिकांना प्रवेश बंद झाला, डच विद्यार्थ्यांना मात्र तो खुला राहिला. विद्यापीठ एक, परीक्षा त्याच, फरक फक्त गांजा सहज मिळण्या-न मिळण्याचा. अर्थशास्त्रज्ञांनी गुणांची तुलना केली, तेव्हा प्रवेश नाकारलेल्यांची कामगिरी सुधारलेली दिसली, आणि ही सुधारणा आकडेमोडीच्या विषयांत अधिक होती. राखरांगोळीपेक्षा हे सांगितले, तर अभियांत्रिकीचा विद्यार्थी निदान कान देईल.

‘आमच्या वेळीही मुले ओढायची, त्यांचे काय बिघडले?’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही माल बदलला आहे हे लक्षात घ्यावे. अमेरिकेत जप्त केलेल्या नमुन्यांमध्ये १९९५ च्या सुमारास टीएचसीचे प्रमाण सरासरी ४ टक्के होते. २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. खाण्याच्या पदार्थात मिसळलेल्या गांजाचा धोका आणखी वेगळा आहे. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, खाल्लेल्याला अर्धा ते दोन तास लागतात. तेवढ्यात ‘काहीच होत नाही’ म्हणून मुले आणखी खातात आणि मग छातीत धडधड, भीती, आपण मरतो आहोत अशी खात्री, अशा अवस्थेत मित्रांना रात्री रुग्णालय गाठावे लागते.

मानसिक आजाराच्या बाबतीत अर्धवट बोलणे सर्वांत घातक ठरते. स्वीडनमध्ये सैन्यभरतीसाठी आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांच्या पाहणीचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतल्याचे सांगणाऱ्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण गांजा न घेणाऱ्यांच्या सहा पट आढळले. मात्र अशा तरुणांतही बहुसंख्यांना तो आजार झाला नाही, आणि यात गांजाचा वाटा किती व आधीपासूनच्या प्रवृत्तीचा किती, यावर वाद आहेत. म्हणून सरसकट ‘वेड लागते’ असे न म्हणता, ज्यांच्या रक्ताच्या नात्यात असा आजार आहे किंवा ज्यांना गांजा घेतल्यावर संशय येतो, भास होतात, त्यांनी त्यापासून कायमचे लांब राहावे, असे नेमके सांगायला हवे.

व्यसन लागते का, तर सर्वांना नाही. घेणाऱ्यांपैकी साधारण ९ टक्के लोक त्याच्या आहारी जातात, पण किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सहांत एकाच्या जवळ जाते. ते ओळखणे अवघड असते. एक हुशार विद्यार्थी मला म्हणाला होता, “मॅडम, चार दिवस सोडून पाहिला. झोप नाही, भूक नाही, रूममेटवर उगाच खेकसत होतो. मला तो औषधासारखाच लागतो.” ज्याला तो औषधाची गरज समजत होता, ती गांजा सोडल्यावर उमटणारी लक्षणे होती. ती पहिल्या आठवड्यात तीव्र असतात आणि बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत ओसरतात, झोपेची घडी बसायला मात्र अधिक वेळ लागू शकतो. एवढी माहिती त्याला पहिल्या दिवशी असती, तर पाचव्या दिवशी त्याने पुन्हा जॉइंट वळला नसता, असे मला वाटते.

तो माझ्याकडे बोलला, समुपदेशन कक्षात गेला नाही, कारण तिथली नोंद शिस्तपालन समितीपर्यंत आणि तिथून घरापर्यंत पोहोचेल अशी त्याला धास्ती होती. महाविद्यालयांनी हे दोन विभाग एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे करावेत, स्वतःहून मदत मागणाऱ्यावर कारवाई होणार नाही असे लेखी जाहीर करावे आणि ते पत्रक वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लावावे, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
मानसशास्त्राची एक प्राध्यापिका