आजीचे जन्मवर्ष

चि. मृण्मयीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

वंशावळीच्या तक्त्यात आजीचे जन्मवर्ष कोणते लिहावे, असे तू विचारले आहेस. १९४२ लिही. तिच्या मतदार ओळखपत्रावर '१-१-१९९५ रोजी वय ४८' असे छापले आहे आणि पुढची सगळी कागदपत्रे त्यावरूनच झाल्यामुळे सरकारदरबारी ती स्वातंत्र्याच्या साली जन्मली. परंतु तो नोंद घेणाऱ्याने तिचे काळे केस पाहून बांधलेला अंदाज होता. वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन माणसे पडल्याची बातमी गावात आली, तेव्हा ही सव्वा महिन्याचीही नव्हती, असे तिची आई सांगत असे. आणि तो गोळीबार सप्टेंबर १९४२ मधला आहे.

तिला स्वतःला सन कधी सांगता आला नाही. महाराष्ट्र राज्य झाले तो १ मे १९६० चा दिवस तिच्या लेखी लग्नसराईतला एक दिवस होता. कोयनेचा भूकंप मात्र तिला पक्का आठवे, कारण ११ डिसेंबर १९६७ च्या त्या पहाटे घरातली उतरंड कोसळली आणि तिने मला पाळण्यातून उचलून अंगणात धाव घेतली.

१९७२ च्या दुष्काळात मी पाच वर्षांचा होतो. माणचे शिवार करपले, विहिरी आटल्या आणि गावेच्या गावे दुष्काळी कामावर गेली. आजी खडी फोडायला जाई. खडी ब्रासवर मोजून मजुरी मिळे, त्यामुळे दगड कठीण निघाला की दिवसभर घण मारूनही ढीग वाढत नसे. डाव्या हाताच्या बोटांना ती चिंध्या गुंडाळी, तरी नखे काळीनिळी होत. घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी असे. कामावर मिळालेली सुकडी ती पदराला बांधून माझ्यासाठी आणी. पुढे या कामांतूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा उभा राहिला, आणि मागेल त्याला काम देणारा तो कायदा माझ्या मते या राज्याने केलेल्या सर्वांत शहाण्या गोष्टींपैकी एक आहे. त्याचे नाव आजीने ऐकले होते की नाही, कोण जाणे. मतदारयादी सोडली, तर तिचे नाव सरकारी कागदावर प्रथम चढले ते त्या कामाच्या हजेरीपटावर, अंगठ्यासह.

कागदावरच्या पाच वर्षांचा भुर्दंड तिला एसटीत पडला. तेव्हा पासष्टी उलटल्यावर अर्धे तिकीट मिळे. ती खरी पासष्टीला पोचली २००७ मध्ये आणि ओळखपत्राने पोचली २०१२ मध्ये. एकदा तिने वाहकालाच हिशेब घातला, "दुष्काळात माझं पोर पाच वर्षांचं हुतं, आता माझं वय तूच काढ." वाहकाने हसून पूर्ण तिकीट फाडले.

आजोबांचा शाळेचा दाखला सापडला आहे, तो टपालाने पाठवतो. त्यांच्या पिढीतील निम्म्या गावाप्रमाणे त्यावरही मास्तरांनी घातलेली १ जून हीच जन्मतारीख आहे, तेव्हा फक्त साल घे.

तुझा,
बाबा