विमानप्रवास : अंतर आणि वेळ यांची गल्लत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी जाणाऱ्या विमानसेवांच्या बातम्यांत दोन शहरांमधले अंतर आणि प्रवासाचे तास यांचा एकेक आकडा देऊन विषय संपवला जातो. त्यावरून अंतर जास्त तर वेळ जास्त, आणि जायला लागतो तितकाच वेळ परतायला, असा वाचकांचा समज होतो. तो चुकीचा आहे.

मुळात सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर काढता येत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क अशी नकाशावर ओढलेली सरळ रेषा अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडते व त्या वाटेने १४ हजार किलोमीटरहून अधिक अंतर पडते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, तर तो मध्य आशिया, रशिया, नॉर्वे, आइसलँड असा वर चढत जाऊन ग्रीनलँडच्या दक्षिण टोकापाशी खाली वळतो आणि अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर भरते. भूगोलाच्या तासाला हा प्रयोग प्रत्येक शाळेत व्हायला हवा.

वाऱ्याचा हिशेब तर याहून महत्त्वाचा आहे. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटरच्या घरात गेले, तरीही वेळ मात्र सुमारे दोन तासांनी वाचला. कारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, ते पाठीशी होते. याचे श्रेय पृथ्वीच्या फिरण्याने विमानाखालची जमीन सरकण्याला देणारे स्पष्टीकरण अजूनही ऐकू येते, पण वातावरण पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने ते टिकत नाही. याच वाऱ्यांमुळे लंडनहून मुंबईला परतताना साधारण तासभर कमी लागतो.

त्यात राजकारणाची भर पडते. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला आणि अमेरिकेच्या काही फेऱ्यांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी थांबणे भाग पडले. शहरे जागच्या जागी राहिली, प्रवास लांबला.

ज्येष्ठ प्रवाशांचा खरा गोंधळ मात्र तिकिटावरच्या वेळांनी होतो. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी १ वाजता निघून लंडनला संध्याकाळी ६ वाजता पोहोचणारे विमान पाच नव्हे, साडेदहा तास हवेत असते, कारण दोन्ही वेळा स्थानिक असतात आणि तेव्हा लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. उन्हाळ्यात घड्याळातला हा फरक साडेचार तासांवर येतो. मुलांकडे प्रथमच निघालेल्या आईवडिलांना इन्शुलिन किंवा रक्तदाबाच्या गोळीची वेळ ठरवायची, तर प्रत्यक्ष तासच कळायला हवेत.

तरी अशा बातम्यांत जाण्याचे व येण्याचे तास वेगवेगळे, वाटेतील थांब्यासह आणि दोन्हीकडच्या घड्याळांतील फरकासह छापावेत, अशी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, नाशिक