खांब उतरवायच्या आधी

प्रिय सुन्या,

तब्येत बरी आहे, गुडघाही जागेवर आहे. आपल्या देवळाचे जुने लाकडी खांब उतरवून स्लॅब आणि ग्रॅनाइट घालायचं चाललंय, हे तुझ्या पत्रात वाचल्यापासून मात्र चैन नाही.

परवा इथं फिनलंडमधल्या पेतायावेसी गावाला गेलो होतो. युवास्कुला शहरापासून ३५ किलोमीटरवर, पाण्याकाठी लुथरन लोकांचं जुनं लाकडी चर्च आहे. १७६३ ते १७६५ मध्ये याक्को लेप्पानेन या कारागिरानं गावच्या शेतकऱ्यांना हाताशी धरून ओंडक्यावर ओंडका रचत ते उभं केलं. घंटेचा मनोरा १८२१ साली त्याच्या नातवानं, एर्क्कीनं बांधला. आत भिंतींना रंग नाही, नुसतं जुनं उघडं लाकूड. प्रवचनाच्या व्यासपीठाखाली लाकडी संत ख्रिस्तोफर सगळा भार पेलत उभा आहे. आपल्या मंडपात खांबाला खांदा दिलेला पोटसुटा बुटका आहे ना, तोच डोळ्यांपुढे आला. तू म्हणायचास तसा तो गणपती नाही, सुन्या. आजही नाही!

हे चर्च वाचलं कसं, ऐक. १८७९ साली गावानं नवं बांधलं आणि हे ओस पडलं. सुधारणा करायला कुणी आलंच नाही. १९२०च्या दशकात योसेफ स्त्रझिगोव्स्की या ऑस्ट्रियन अभ्यासकानं त्याचं मोल सांगितलं, मग दुरुस्ती झाली. १९९४ साली ते जागतिक वारशात गेलं. अजूनही आत ऊब नाही, म्हणून प्रार्थना आणि लग्नं उन्हाळ्यात. गावानं तेवढी गैरसोय सोसली.

आपलं देऊळ कुणी टाकलेलं नाही, हीच मला धास्ती. सगळ्यांचा जीव आहे त्याच्यावर, मुंबईकरांची वर्गणी आलीय, म्हणून तर स्लॅब आणि ग्रॅनाइट. वाळवी लागली म्हणतात, तर लागलेला खांब बदला ना! बाकीच्यांनी काय केलंय? इथं छपराच्या फळ्या कुजल्या की तेवढ्या बदलतात, वर लाकडाचं डांबर फासतात.

तात्यांशी तुझं बोलणं बंद आहे, ठाऊक आहे. तरी देवळाच्या सभेत तूच बोल. माझं बोलणं ते परदेशातलं शहाणपण म्हणून उडवून लावतील. आणि नाहीच ऐकलं, तर खांब उतरवायच्या आधी प्रत्येकाचे फोटो काढ, खडूनं नंबर घाल, आणि लाकूड वखारीत जाऊ देऊ नकोस. माझ्या पडवीत ठेव, किल्ली काकूकडे आहे.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिनूला बारावीसाठी आशीर्वाद. सभेची तारीख ठरली की लगेच फोन कर, रात्र असली तरी.

तुझा,
बाळ्या