लढाईचा आवाज डीजेशिवाय पण निघतोय की

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत डीजे पाहिजे की नको यावर तुमच्या पेपरात पत्रं येऊलालीत, सगळी वाचली. डेसिबल, पोलीस, म्हाताऱ्या माणसांचं बीपी, सगळं बरोबर आहे पण माझं दुखणं वेगळंच आहे. आपली पोरं रात्रभर ट्रॉलीवर उभी राहून जिवंत देखावा करतात, दाढीमिशा चिकटवून, घाम गाळत, आणि लढाई सुरू झाली की मागनं पेनड्राइव्हवरचा तलवारींचा खणखणाट लागतोय, प्रतापगड असू दे नाहीतर पावनखिंड, आवाज तोच. आता ह्यात ऐकायचं काय ओ?

यूट्यूबवर बीबर बटालिया असं टाकून बघा. हाइनरिश बीबर म्हणून एक व्हायोलिनवाला, आताच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या धर्मगुरूच्या पदरी होता, त्यानं १६७३ मध्ये ही लढाई, म्हणजे लढाईचं संगीत लिहिलं. युरोपात तीस वर्षांचं युद्ध १६४८ ला संपलं आणि हा जन्मला १६४४ ला, म्हणजे युद्धाच्या गोष्टी ऐकतच मोठा झाला असणार. तर ह्या लढाईत नगारा नाही, तुतारी नाही, सगळी तंतुवाद्यं आणि सोबत हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य. ड्रम पाहिजे म्हणून त्यानं काय केलं तर सगळ्यात जाड आवाजाचं जे मोठं वाद्य असतंय त्याच्या तारांत कागद घालायला सांगितला, वर गज फिरवला की तड्तड् ताशा वाजल्यागत होतंय आणि त्याच्यावर एकटं व्हायोलिन बासरीवाणी नाचतंय. मला तरी तोच भाग सगळ्यात आवडतो. तोफेला गज बाजूला ठेवायचा आणि तार उजव्या हातानं जोरात ओढून सोडायची, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय.

आणि लढाईच्या अगोदर छावणीत सैनिक पिऊन बसलेत, आठ गाणी एकाच वेळी वेगवेगळ्या सुरात चाललीत, नुसता गोंधळ, पहिल्यांदा ऐकताना वाटतं रेकॉर्डिंगच बिघडलंय, पण दारुडे असंच बोंबलतात असं तिथं पण त्यानंच लिहिलंय. (मिरवणुकीत दोन मंडळांच्या गाड्या शेजारी शेजारी अडकल्या की आपण हेच ऐकतो, फक्त फुकट.)

पण खरी गोष्ट पुढं आहे. प्रत्यक्ष लढाई जेमतेम मिनिटभर. ती संपल्यावर विजयाचं काही वाजत नाही, जखमी शिपायांचा विलाप येतो, हळू, सूर खाली खाली उतरत जातात, आणि तो लढाईपेक्षा जास्त वेळ चालतो. तिथंच संपतं. कोण जिंकलं ते पण कळत नाही.

आता बघा, १६७४ च्या फेब्रुवारीत आपल्या इथनं जवळच, गडहिंग्लज तालुक्यात नेसरीला, प्रतापराव गुजर आणि त्यांच्यासोबतचे सहा जण बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण गेले. त्याच सुमाराची गोष्ट ही. आपण देखाव्यात घोडे दाखवतो, तलवार उगारलेली दाखवतो, आणि मग लगेच डीजेवर जयजयकार. मेलेल्यांसाठी आपल्याकडं दोन मिनिटांचं वाजवणं नाही. जुना शाहीर डफ आणि तुणतुणं एवढ्यावर लढाई उभी करायचा आणि वीर पडला की आवाज खाली आणायचा, त्याला हे कुणी शिकवायला लागलं नाही.

म्हणून म्हणतो, पुढच्या वर्षी एखाद्या मंडळानं नेसरीचा देखावा घ्यावा आणि वाजवणारे खरे बसवावेत. बेळगावात काय कमी आहेत काय वाजवणारे, हलगी आहे, शिंग आहे, क्लासला जाणारी व्हायोलिनची पोरं आहेत, डीजेच्या भाड्यातला थोडा भाग त्यांना द्या. शेवटी दोन मिनिटं हलगी बंद आणि फक्त व्हायोलिन. आमच्या गल्लीत विषय काढला तर पोरं म्हणाली काका पब्लिक थांबणार नाही. एकदा करून तर बघा की रे.

आपला एक वाचक,
शहापूर, बेळगाव