काम काय करता, एवढे तरी विचारा

मा. संपादक,
स. न.

‘डायलिसिसमध्ये खंड पडू देऊ नका’ हा सल्ला कालच्या अंकात वाचला आणि रात्री झोप लागली नाही. सल्ला बरोबर आहे. पण खंड कोणी हौसेने पाडत नाही. माझ्या यजमानांनी पहिल्या तीन महिन्यांत चार वेळा पाडला. चारही वेळा कारण एकच, कामावरून सुट्टी मिळाली नाही.

कुंडईच्या एका कारखान्यात ते चौदा वर्षे पॅकिंगला होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी दहाची वेळ मिळाली. चार तास मशीनवर, मग सुया काढून रक्त थांबेपर्यंत बसायचे, मग शिरोड्याची बस. दिवस संपला. त्याच केंद्रात संध्याकाळचीही पाळी चालायची. ती मागायला गेलो तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “नोकरी मोठी की जीव?” घरात मिळवते ते एकटेच आणि मुलगी बारावीला. काय सांगणार? त्या बाईंवर आज माझा राग नाही. रुग्णाला पोट असते, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

खाडे वाढले तसे कंपनीने डॉक्टरांचा दाखला मागितला. इथेच घात झाला. उभ्या उभ्या लिहून दिले, ‘अनफिट फॉर ड्यूटी’. मी विचारले, तर “सगळ्यांना असेच देतो.” खरे तर लिहायला हवे होते ते इतकेच: डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) आहे, त्या हाताने जड उचलू नये, आठवड्यातले तीन दिवस उपचारांसाठी वेळ लागेल, बाकीचे दिवस बसून करायचे काम जमेल. अशा चार ओळी असत्या तर कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये नोंदी ठेवायला बसवले असते. सुपरवायझर तसे बोललेही होते. पण ‘अनफिट’ वाचल्यावर कंपनी म्हणाली, उद्या मशीनजवळ काही झाले तर जबाबदार कोण? त्यांचेही मला चूक म्हणवत नाही.

मग ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) आजारपणाचा भत्ता सुरू झाला, पगाराच्या ७० टक्के. तो वर्षाला ९१ दिवसच मिळतो. ते संपले तेव्हा यजमानांनी राजीनामा दिला. दीर्घ आजारांची ३४ नावांची वेगळी यादी आहे, त्यात किडनी निकामी होणे आहे आणि दोन वर्षांची सलग नोकरी झालेल्या विमेदाराला ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो, हे आम्हाला कळले ते राजीनाम्यानंतर, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या भावाकडून. आठवड्यातून तीनदा त्या केंद्राची पायरी चढत होतो. पाणी किती प्यायचे, मीठ किती खायचे हे तिथे रोज सांगत. हे एकदाही कोणी सांगितले नाही.

म्हणून नर्स, टेक्निशियन आणि काउंटरवरच्या माणसांनाही प्रशिक्षण द्या. पाळी बदलून कशी द्यायची, दाखला कसा लिहायचा, भत्त्यासाठी कोणाकडे पाठवायचे, एवढे शिकवले तरी एखाद्याची नोकरी वाचेल. दोन दिवसांचे काम आहे.

आणि संपादक महोदय, आपल्या आरोग्याच्या पानावर मध्यंतरी ‘किडनीसाठी शहाळे उत्तम’ असे छापून आले होते. ते वाचून नातेवाईक प्रेमाने शहाळी घेऊन आले. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. डायलिसिसच्या रुग्णाच्या शरीरात ते साठते आणि हृदय बंद पडू शकते. असे काही छापण्याआधी कृपा करून डॉक्टरांना दाखवत जा.

पुढे आम्ही केंद्र बदलले. पहिल्याच दिवशी तिथल्या टेक्निशियन मुलाने सुई टोचण्याआधी विचारले, “काका, काम काय करता?” यजमानांनी “काही नाही” म्हणून तोंड भिंतीकडे फिरवले. पाच महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच कानावर पडला होता. जुन्या केंद्राचा केसपेपर मी जपून ठेवला आहे. त्यावर नाव, वय, पत्ता, रक्तगट या सगळ्यांसाठी जागा आहे. कामधंद्यासाठी एक ओळ वाढवा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, शिरोडा (फोंडा)