पोरं-जनावरांचे पिच्चर थेटरात लावा

मा. संपादक, नमस्कार,

परवा नातवंडांबरोबर ‘फ्री विली’ बघितला, 1993 चा, पोरगा आणि ओर्का जातीच्या देवमाशाच्या दोस्तीचा, धाकटी तर शेवटाला माझ्या मांडीत तोंड खुपसून रडली. आमच्या आटपाडीत दारात खिलार खोंड असतं, बेंदराला त्याची शिंगं रंगवायला पोरांची भांडणं लागतात, त्यामुळं मुक्या जीवाचं दुखणं त्यांना समजवावं लागत नाही, पडद्यावर दिसलं की लगेच कळतं, आणि आम्हा म्हाताऱ्यांना आपलं लहानपणीचं जनावर आठवतं. घरातले सगळे एका जागी बसतात ते त्यामुळंच असं मला वाटतं.

त्यातला ओर्का, केइको नाव त्याचं, खराच मेक्सिकोत एका टाकीत कोंडलेला होता. पिच्चर बघून शाळकरी पोरांनी पैसे पाठवले, मोठ्यांनीही दिले, आणि 1998 ला त्याला विमानानं आइसलँडच्या समुद्रात नेलं. पुढं 2003 ला नॉर्वेत वारला, हे वाचून फार वाईट वाटलं, पण मरताना तो टाकीत नव्हता.

आपल्या मराठीत खिलार बैलावर, मेंढरामागच्या कुत्र्यावर असा पिच्चर कुणीतरी काढाच. आणि मे महिन्यात सांगलीतल्या एखाद्या थेटरनं सकाळचा एक शो असल्या पिच्चरला दिला तर आटपाडीवरनं एसटीनं मी पोरं घेऊन येतो.

– एक आजोबा, आटपाडी, जि. सांगली