"ड्राइव्ह कुठं होता?" विचारणाऱ्या वस्तादांना

वस्ताद,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "मशीन किती तासांवर आलं, फिल्टर बदललास का" असं विचारून विषय तोडता. म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. पोकलेनवर बसणारी, बसू बघणारी आमच्या भागातली पोरं गावोगाव आहेत. त्यातल्या फार थोड्यांना तुमच्यासारखं कुणी भेटतं. निदान तुम्ही काय शिकवता ते तरी त्यांच्यापर्यंत पोचावं.

मी तुमच्या माळावर पोकलेन शिकायला आलो तेव्हा मला मशीन चालवता येतं अशी माझी समजूत होती. तीन वर्षं हेल्पर म्हणून काढली होती. ऑपरेटर जेवायला गेला की सीटवर बसायचं, रात्रपाळीला त्याचा डोळा लागला की मातीचे दोन-चार हायवा ट्रक भरून द्यायचे, असं करत करत हात बसला. डावी जॉयस्टिक केबिन फिरवते आणि आर्म, म्हणजे पुढचा हात, आत-बाहेर करते; उजवी बूम, म्हणजे मुळाशी असलेला मोठा हात, वर-खाली नेते आणि बकेट उघडते-मिटते. एवढं जमलं की आम्ही ऑपरेटर. केज तालुक्यातलं ऊसतोडीला जाणारं आमचं घर. पोराला महिन्याचा पगार आणि वर रोजचा भत्ता मिळतोय म्हटल्यावर "हे शिकलास कुठं" असं घरात कुणी विचारलं नाही.

मग ती रात्र. रस्त्याच्या कामावर होतो. नांदेडकडचा एक हेल्पर, माझ्याच वयाचा, मशीनच्या मागच्या अंगाला चेनला, म्हणजे मशीन ज्यावर चालतं त्या लोखंडी पट्ट्याला, टेकून भाकरी खात बसला होता. मशीन पुढं घ्यायचं म्हणून मी चालीचे दोन्ही लिव्हर पुढं ढकलले आणि मशीन मागं गेलं. ओरडणं कानावर आलं तसे हात सोडले. पोरगा लोळत बाजूला झाला होता. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. त्याचा स्टीलचा डबा मात्र चेनखाली पत्र्यासारखा चपटा झाला होता. टॉर्चच्या उजेडात तो डबा बघितला तो आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

सगळे एकच म्हणाले, नशीब बलवत्तर. मुकादमानं सकाळी मशीनपुढं नारळ फोडला. आईनं गावाकडं नवस फेडला. त्यांची माया खरी होती, पण मला सीटवर बसलं की हाताला कापरं भरायचं. नशिबानं वाचला तर पुढच्या खेपेला नशिबानं मरेलही, हेच डोक्यात. मी गावी निघून आलो आणि दीड महिना मशीनकडं फिरकलो नाही. शेवटी चुलत्यानं तुमच्याकडं आणून सोडलं.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. रागावला नाहीत, धीरही दिला नाहीत. एवढंच विचारलंत, "ड्राइव्ह कुठं होता?"

मला प्रश्नच कळला नाही. तुम्ही हाताला धरून मशीनजवळ नेलंत आणि चेनच्या एका टोकाचं दातेरी चाक दाखवलंत. स्प्रॉकेट, आणि त्याला जोडलेली ट्रॅव्हल मोटर. हा ड्राइव्ह केबिनच्या पाठीमागं असेल तर लिव्हर पुढं म्हणजे मशीन पुढं. पण वरचा भाग अर्धा फेरा फिरला आणि ड्राइव्ह तोंडासमोर आला, की लिव्हर पुढं म्हणजे मशीन पाठीकडं. त्या रात्री हायवा भरता भरता केबिन फिरलेली होती आणि मी खाली न बघता निघालो होतो. दीड महिन्यात मला कुणीही हे विचारलं नव्हतं. वस्ताद, तुमच्या मशीनच्या चेनवर बसून मी रडलो होतो, आठवतं का? जे घडलं त्याला कारण होतं, ते दिसणारं होतं, आणि बघितलं असतं तर टळलं असतं. माझ्या जिवाला केवढा आधार झाला त्याचा!

फीचे निम्मे पैसे जवळ नव्हते. "कामाला लागलास की दे," म्हणालात. दिले तेव्हा मोजलेही नाहीत.

पहिले सहा दिवस तुम्ही मला मशीन चालू करू दिलं नाहीत. पिनांना ग्रीस मार, ऑइलच्या काचा बघ, चेनचा ताण बघ, बकेटचे दात हलतायत का बघ, चढता-उतरताना मशीनकडंच तोंड ठेव. होज, म्हणजे तेलाचा रबरी पाइप, गळत असेल तर हात लावून चाचपू नको, पुठ्ठा धर. आत चौरस सेंटीमीटरला ३५० किलोच्या आसपास दाब असतो, बारीक धार कातडी फोडून मांसात शिरते. हे सगळं मी वहीत लिहिलं, ती वही अजून आहे. पण वहीत न मावणारी गोष्ट तुम्ही चौथ्या दिवशी केलीत.

इंजिन बंद. मला केबिनमध्ये बसवलंत, घमेल्यात फक्की घेतलीत आणि मशीनभोवती चालायला लागलात. "मी दिसेनासा झालो की हॉर्न दे, दिसलो की परत दे." डावीकडं ठीक होतं, सीट त्याच बाजूला. समोरून उजवीकडं वळलात, बूमच्या आड गेलात, हॉर्न. तिथून पुढं इंजिनाच्या कडेनं, काउंटरवेटच्या, म्हणजे पाठीमागच्या वजनाच्या, मागनं तुम्ही चालत होता आणि मला तुमची टोपीसुद्धा दिसत नव्हती. आरशात एकदा खांदा दिसला तेवढाच. दिसत नव्हतात तेवढ्या जागेत फक्की पडत गेली. खाली उतरून बघतो तर मशीनभोवती अर्ध्याहून जास्त जमीन पांढरी. मग मला त्या फक्कीत उभं केलंत, दुसऱ्या पोराला सीटवर बसवलंत आणि विचारलंत, "केजवाला कुठाय?"

"दिसत नाही, वस्ताद."

दहा फुटांवर २० टनांचं मशीन, आणि आत बसलेल्या माणसाच्या लेखी मी तिथं नव्हतोच. भाकरी खाणारा तो पोरगा कुठं बसला होता, ते मला तिथं उभं राहिल्यावर समजलं.

दुसऱ्या दिवशी बॅरल. दगडी बांधापासून दीड मीटरवर चेन येईल असं मशीन उभं केलंत. मधल्या जागेत माणूस आरामात उभा राहील. तिथं दगडांवर उंच करून २०० लिटरचं रिकामं ऑइलचं बॅरल ठेवलंत आणि पोरांना पार लांब नेऊन बसवलंत. मी केबिनमध्ये तुमच्या मांडीशी उकिडवा बसलो. केबिन आडवी फिरली की काउंटरवेट चेनच्या बाहेर साधारण चार फूट येतं, हे तोंडी सांगून डोक्यात शिरलं नसतं. तुम्ही सावकाश फिरवलंत. इंजिनाचा आवाज बदलला नाही. हिसका नाही, काही नाही.

"काय कळलं?"

"काहीच नाही."

तुम्ही उतरलात आणि चेपलेलं बॅरल आणून माझ्या पायाशी ठेवलंत. वर एक शब्द बोलला नाहीत.

त्यानंतर तुमचा नियम मला पुन्हा सांगावा लागला नाही. मशीनजवळ यायचं असेल त्यानं आधी लांबून हात वर करायचा. ऑपरेटरनं बकेट जमिनीला टेकवायची, लाल लिव्हर लॉकला टाकायचा, म्हणजे जॉयस्टिक हलली तरी मशीन हलत नाही, नजर द्यायची आणि मगच माणसानं पाऊल टाकायचं. आणि विजेचा धडा! वरची ११ केव्हीची तार बूमला लागली तर केबिन सोडायची नाही, बाहेरच्यांना जवळ येऊ द्यायचं नाही, लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत बसून राहायचं. मशीननं पेटच घेतला तरच दोन्ही पाय जोडून बाहेर उडी, एकाच वेळी मशीन आणि जमीन दोन्हींना स्पर्श नको, आणि तसेच पाय जोडून टुणटुण लांब जायचं. कारण दोन पावलांमध्ये जेवढं अंतर तेवढा विजेच्या दाबाचा फरक अंगातून जातो. मिशा असलेली बारा माणसं तुम्ही माळावर बेडकासारखी उड्या मारत फिरवलीत. आज झोपेतून उठवलं तरी माझे पाय जोडलेलेच जमिनीवर येतील.

गेल्या आषाढातलं एक तुम्हाला सांगितलेलं नाही. सोलापूर जिल्ह्यात ड्रेनेजच्या लाइनचं काम होतं. काळी माती, दोन दिवस पाऊस होऊन गेलेला. चर तीन मीटर खोल, भिंती सरळ उभ्या, आणि जागा अरुंद म्हणून मातीचा ढीग काठालाच. तो ढीग मीच टाकला होता, सांगितलं तसा. पाइप बसवायला एक नवरा-बायको खाली उतरणार होते. तुमची सवय म्हणून मी सीटवरून उतरून चराच्या कडेनं चालत गेलो. काठाला समांतर एक भेग पडली होती, बोट जाईल एवढी.

आयएस ३७६४, म्हणजे खोदकामातल्या सुरक्षेच्या भारतीय मानकाचे, झेरॉक्स केलेले कागद तुम्ही आम्हाला मराठीत समजावून सांगितले होते ते आठवलं. दीड मीटरच्या खाली गेलात की आधार द्या नाहीतर कडा उतरत्या कापा. माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मी, जे जास्त असेल तेवढी लांब टाका. आणि तुमचे शब्द: घनमीटरभर ओली माती म्हणजे दीड-दोन टन, छातीपर्यंत गाडलेल्या माणसाचं तोंड उघडं असतं पण छाती फुगत नाही.

मी बकेट टेकवली, लॉक केलं, इंजिन बंद करून चावी खिशात घातली. सुपरवायझर म्हणाला, अर्ध्या तासाचं काम आहे. मशीनमालकाचा फोन आला, त्यानंही सुनावलं. मला भांडता येत नाही. मी एवढंच म्हणालो की ढीग मागं घेतो, दोन्ही कडा पायऱ्यांनी कापतो, शिडी लावा, मग उतरवा. सव्वादोन तास गेले. ते माझ्या हिशेबातून कापले.

ती कड पडली असती की नाही, मला सांगता येणार नाही. पाइप बसला. दोघं वर आले, बाईनं पदराला हात पुसले आणि झाडाखाली बांधलेल्या झोळीतलं लेकरू उचलून घेतलं. मी कोण हे तिला माहीत नाही, आणि तुम्ही कोण हे तर नाहीच. तिच्या वतीनंही हे पत्र आहे असं समजा.

नांदेडचा तो पोरगा आता त्याच्या गावी ट्रॅक्टर चालवतो. ड्राइव्हची गोष्ट मी त्याला फोनवर समजावून सांगितली, चुकी माझी होती हे कबूल केलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस."

दोन महिन्यांपूर्वी माझ्या हाताखाली वाशिमकडचा एक हेल्पर आलाय, एकोणीस वर्षांचा. पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा, सीटवर कधी बसू?" सातव्या दिवशी, म्हणालो. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत इंजिन बंद करून त्याला केबिनमध्ये बसवलं आणि घमेलं घेऊन मशीनभोवती फिरलो. पोरगा हॉर्न देत होता आणि साइटवरची सगळी माणसं हातातला घास तसाच ठेवून बघत होती. दुपारी मुकादमच येऊन म्हणाला, ही फक्की पुसू नका, राहू द्या.

दिवाळीत माळावर येतोय. आणताना फक्कीच्या चार गोण्या आणतो, नाही म्हणू नका. गुडघ्याला आता कसं आहे? आणि ते चेपलेलं बॅरल गेटपाशी ठेवलं होतं, ते अजून तिथंच आहे का, तेवढं कळवा. हेल्परला सोबत आणणार आहे, त्याला दाखवायचंय.

तुमचा,
केजवाला